ही, मी आणि साडेसहा कोटी वर्षं

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली. पुण्यात हल्ली माणसं एकमेकांची प्रकृती विचारत नाहीत. ‘तुमचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं?’ एवढंच विचारतात. आमचं कित्येक वर्षं ‘चर्चेत’ होतं, ते एकदम ‘महिनाअखेर जागा रिकामी करा’ इथवर आलं. सामान हलवणाऱ्या कंपनीचा एक तरुण अंदाज काढायला आला. फ्रीज, कपाट, सोफा, देव्हारा असं टिपत टिपत तो आतल्या खोलीत पोचला आणि पलंगाखाली वाकला.

“काका, या पेट्यांत काय आहे?”

“दगड.”

पुण्यात म्हाताऱ्या माणसानं असं उत्तर दिलं की ते उत्तर आहे की अपमान, हे समोरच्याला चटकन कळत नाही. खात्री करायला त्यानं एक पेटी ओढली. पेटी जागची हलली नाही, तोच पुढे सरकला.

“सगळ्या पेट्यांत दगडच?”

“माळ्यावरच्याही धरा.”

“पण काका, तुम्ही जिथं राहायला जाणार, तिथंही खाली दगड असणारच ना?”

प्रश्न बिनतोड होता. लग्न झाल्या झाल्या मी हिला हाच विचारला होता. हिनं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि काही वर्षांपूर्वी ही गेली तोवर ते उत्तर संपलेलं नव्हतं.

ही फर्ग्युसनला भूशास्त्र शिकली आणि पुढे जन्मभर शाळेत भूगोल शिकवत राहिली. पिकं, वारे, राजधान्या वगैरे कर्तव्य म्हणून. जीव सगळा दगडांत. कांदेपोह्यांच्या वेळी माझ्या आईनं रीतसर विचारलं, “तुला आवड कशाची?” ही म्हणाली, “दगडांची.” आईला कानानं कमी यायचं. तिनं ‘दगडूशेठ’ ऐकलं आणि मुलगी भाविक आहे म्हणून तिथल्या तिथं होकार देऊन टाकला. मी बँकेत कारकून होतो. वरिष्ठांनी सही केली की खाली शिक्का मारायचा, एवढंच मला माहीत.

दगडूशेठ नव्हे, दगड, हा उलगडा महाबळेश्वरला झाला. मधुचंद्राची सगळी जोडपी सूर्यास्ताकडे तोंड करून उभी, आणि आमची ही सूर्याकडे पाठ करून कड्याकडे बघत होती. “अहो, इकडे या ना!” तिच्या आवाजातला तो कंप ऐकून मी धावलो. गेलो तर जांभा. बेसॉल्ट ऊनपावसात कुजत कुजत त्याचा असा तांबडा, भोकाभोकांचा दगड कसा होतो, त्याच्याखाली अख्खा सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर कसे, आणि तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कसा उसळला, हे तिनं सांगितलं. तोवर सूर्य बुडाला.

“जाऊ द्या हो, तो उद्याही येईल,” ही म्हणाली.

“मग जांभा काय आज रात्रीच्या गाडीनं जाणार होता का?” असं मी विचारलं नाही. नवीन लग्न होतं.

दिवसाच्या हिशोबात पाच पैशांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत खुर्ची न सोडणारा मी, आणि हिच्या लेखी दहावीस हजार वर्षं म्हणजे सुटे पैसे. ‘हा गाळ हल्लीचा दिसतो’ असं ही म्हणाली की समजायचं, तेव्हा माणसाला शेती यायची होती. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी नावाचं गाव आहे. तिथं थेट इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडते. ती 75 हजार वर्षांपूर्वीची की सात-आठ लाख वर्षांपूर्वीची, यावर तज्ज्ञांचे कडाक्याचे वाद झाले. मी हबकलो. एवढी तफावत आमच्या शाखेत निघाली असती, तर शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे निलंबित झाले असते. ही शांतपणे म्हणाली, “अहो, मोजमापात थोडं अधिक-उणे चालतंच.” पुढे एकदा दवाखान्यात नर्सनं हिचं वय विचारलं, तेव्हा हिनं ‘पंचावन्न, अधिक-उणे दोन’ असंच सांगितलं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी, बँकेची सवय, दोन्ही आकड्यांपुढे सही करायला तयार होतो.

पण खरी गंमत कात्रजला झाली. आम्ही आईला घेऊन एस.टी.नं नसरापूरच्या बनेश्वराला चाललो होतो. जुन्या घाटात गाडी तापली. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला, उतारू सावली शोधायला गेले, ही घाटाच्या भिंतीकडे गेली. तिथं दोन काळ्या थरांच्या मध्ये एक तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा निवतो, त्याचा वरचा भाग झिजून माती होते, मग दुसरा लाव्हा येऊन त्या मातीला भाजून काढतो. तो हा पट्टा. भूशास्त्रवाले त्याला बोल म्हणतात. आता त्यात चिकणमाती किती, हे ओळखायची यांची एक रीत आहे. खडा जिभेला लावायचा. चिकटला तर चिकणमाती.

हिनं भिंतीतला खडा काढला आणि जिभेला लावला. आईनं ते पाहिलं. मग आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

सून माती खाते, याचा आमच्या वाड्यात एकच अर्थ होता. दुसऱ्या दिवसापासून डिंकाचे लाडू सुरू झाले. समोरच्या काकूंनी कैऱ्या आणून दिल्या. मागच्या बिऱ्हाडातल्या आजींनी चालण्यावरून मुलगाच होणार असं सांगितलं. हिला हा काय प्रकार आहे ते कळेना, आणि कळल्यावर ही इतकी हसली की आजींनी तिला आता फार हसू नकोस म्हणून दटावलं. चार महिन्यांनी सगळ्यांनी तिच्या पोटाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली, कारण लाडू मी खात होतो. पुढे खरोखरीच मुलगी व्हायची होती, तेव्हा हिनं आईला ते सांगितलं. आई म्हणाली, “या वेळी कुठल्या घाटातली खाल्लीस?”

टेकडीवर हिच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे तर शिक्षाच. वेताळ टेकडीवर पुणेकर सकाळी छाती पुढे काढून, हात जोरजोरात हलवत, अख्ख्या जगावर उपकार केल्यासारखे चालतात. ही मान खाली घालून, गळ्यात मंगळसूत्राशेजारी भिंग लटकवून, पावलापावलाला थांबत चालायची. येणारा-जाणारा विचारायचा, “काही पडलंय का?” पुण्यात मदत मागितली तर मिळेलच असं नाही, पण न मागितलेली हटकून मिळते. एकदा असे पाच-सहा जण आमच्याबरोबर वाकून शोधायला लागले. त्यातल्या एका गृहस्थांना खरंच एक कानातलं सापडलं. ते आमचं नाही हे आम्ही कितीही सांगितलं तरी त्यांना पटेना. “नीट बघा हो वहिनी, बायका गडबडीत विसरतात!” म्हणाले.

शेजारी अप्पा ज्योतिष बघायचे. त्यांना वाटे, ही आपल्याच व्यवसायातली. एकदा नीलम दाखवायला घेऊन आले. हिनं भिंगातून पाहून सांगितलं की नीलम आणि माणिक हे मुळात एकच खनिज, अॅल्युमिनियमचं ऑक्साइड. जरासं क्रोमियम गेलं की तांबडं माणिक, लोखंड आणि टायटॅनियम गेलं की निळा नीलम. अप्पा हादरले. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा, आणि दोघांमध्ये वैर! क्षणभर विचार करून म्हणाले, “बरोबर आहे. शनी सूर्याचाच मुलगा ना? घरचाच माल.” असं म्हणून ते निर्धास्त घरी गेले. ही कितीतरी वेळ तोंडात बोट घालून बसली होती.

नातेवाइकांकडे मात्र मी हिला न्यायला घाबरायचो. माझ्या मामेभावानं नव्या फ्लॅटची वास्तुशांत केली. ओट्यावर हात फिरवत म्हणाला, “वहिनी, खास ब्लॅक ग्रॅनाइट!” ही वाकली. मी मागून पदर ओढला, पण उशीर झाला होता. “ग्रॅनाइट काळा नसतो हो भाऊजी. हा गॅब्रो किंवा डोलेराइट असेल. पण छान आहे!” त्या ‘पण छान आहे’नं जी आग लागली, ती अजून धुमसते आहे. ‘गॅब्रो’ ही शिवी आहे असा त्या घरात आजही समज आहे. शेंडेफळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलं की मामी म्हणते, “ऊठ, गॅब्रोसारखा पडून राहू नकोस.”

एरवी हिला राग कधी आला नाही. आला तो फक्त मेक्सिकोचा. 1980 साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकेतल्या बाप-लेकांनी, डायनासोर एका उल्केच्या धडकेनं मेले असं मांडलं. पुढे 1991 मध्ये मेक्सिकोतलं चिक्सुलुबचं विवर हीच ती जागा म्हणून जगापुढे आलं. तोवर या प्रकरणात आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचं नाव घेतलं जायचं. हिनं ते मनाला लावून घेतलं. “आपल्याकडे मैलोगणती लाव्हा उसळतोय, आभाळ विषारी वायूंनी भरलंय, आणि श्रेय कोणाला? बाहेरून आलेल्या दगडाला!” एखाद्याला वाटावं, डायनासोर हिनं स्वतः मारले होते आणि कागदपत्रांत नाव दुसऱ्याचं लागलं. पुढे काही शास्त्रज्ञ दोघांचाही हात होता म्हणू लागले, त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

डायनासोरांचं आणि आमचं नातं याहून जवळचं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. हिच्या एका मैत्रिणीनं त्यातला एक मुठीएवढा तुकडा हिला वाढदिवसाला दिला. बायका बायकांना वाढदिवसाला काय काय देतात! ही इतकी हरखली की तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेच्या घड्याळाशेजारी गेला. 2005 मध्ये लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे अंश दाखवून दिले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, हा जगाचा समज तिथं मोडला. ‘सायन्स’मध्ये छापून आलं. कपाटात त्या तुकड्याची जागा एक इयत्ता वर चढली. घड्याळ खालच्या खणात गेलं.

त्या श्रावणात सत्यनारायण होता. गुरुजी चौरंग मांडता मांडता कपाटाकडे गेले, तो तुकडा काढला, कपाळाला लावला, त्याला गंध-फूल वाहिलं आणि चौरंगावर ठेवला. “शाळिग्राम फार जुना दिसतो तुमचा,” म्हणाले. मी हिच्याकडे पाहिलं. ही तोंडावर पदर घेऊन स्वयंपाकघरात पळाली. पूजा तशीच झाली. आरती झाली, प्रसाद झाला, दक्षिणा झाली. शेवटी हिला राहवलं नाही. तिनं गुरुजींना खरं काय ते सांगितलं. गुरुजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “गवत खाणारा होता ना?”

“हो.”

“मग पवित्रच.”

इतका शास्त्रशुद्ध निर्णय मी आजवर कुठल्याही सोसायटीच्या सभेत ऐकलेला नाही. सभेवरून आठवलं. पाण्याचा तुटवडा झाला आणि सोसायटीनं बोअर घ्यायचं ठरवलं. हिनं सभेत उभं राहून सांगितलं, “आपल्या इथं वर थोडा झिजलेला खडक आहे, त्यात पाणी धरतं. खाली अखंड बेसॉल्ट. भेगा लागल्या तर पाणी, नाहीतर नुसता धुरळा. आधी नीट पाहणी करून घ्या.” चेअरमन म्हणाले, “वहिनी, तुमचं पुस्तकी झालं.” आणि त्यांनी पाणाड्या बोलावला. त्याच्या तळहातावरचा नारळ आवारभर आडवा पडून राहिला आणि बरोब्बर आमच्या स्कूटरच्या जागेवर ताठ उभा राहिला. स्कूटर हलवली. दोन दिवस यंत्र घरघरत होतं. गाड्यांवर, कपड्यांवर, कुंड्यांवर, लोणच्याच्या बरण्यांवर राखाडी पीठ बसलं. सगळे दारं-खिडक्या लावून घरात; ही तेवढी नाकाला ओढणी बांधून, दर दहा फुटांचा भुगा कॅरीबॅगमध्ये भरत, वर आकडा घालत यंत्राशेजारी उभी. दुसऱ्या दिवशी एकदम तांबडा भुगा आला. चेअरमन ओरडले, “माती लागली! आता पाणी!” हीही ओरडली, “बोल! बोल!”

“काय बोलू वहिनी?” चेअरमन म्हणाले.

पाणी लागलं नाही. तीनशे फुटांवर पैसे संपले. सभासद खड्ड्याभोवती सुतकी चेहऱ्यानं उभे होते, आणि ही कॅरीबॅगा ओळीनं मांडून मला सांगत होती, “अहो, काय सुंदर सेक्शन मिळालाय! असा पैसे देऊनही मिळत नाही.”

“दिलेत की पैसे. प्रत्येकी,” चेअरमन म्हणाले.

हिचा खरा गड म्हणजे वाघोली. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत स्फटिक वाढतात. पांढरे, गुलाबी, पोपटी. वाघोलीच्या खाणींत मिळणारा कॅव्हनसाइट तर असा निळा, की निळीचा खडा फिका पडावा. 1967 साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये त्याची पहिल्यांदा नोंद झाली, पण जगभरच्या संग्राहकांचा जीव गुंतला तो वाघोलीच्या नमुन्यांत. आम्ही पुणेकरांनी त्याचं काय केलं? खडी. क्रशरला टाकून, चाळून, टिपरमध्ये भरून. आमच्या गच्चीच्या स्लॅबमध्ये निदान मूठभर तरी कॅव्हनसाइट असणार, असा हिचा कायमचा संशय होता. स्लॅब गळायला लागला तेव्हा सगळे बिल्डरला शिव्या देत होते. ही भेगेत टॉर्च मारून बघत होती. खाणीवर दगड फोडणाऱ्या वडार बायका हिच्या मैत्रिणी. भिंगाविना, दहा पावलांवरून त्यांना जे दिसायचं, ते हिला गुडघ्यांवर बसून दिसायचं नाही. ही त्यांना गुरू मानायची आणि त्या हिला वेडी. दोन्ही बाजूंना खूप आदर.

मुलगी अमेरिकेत गेली आणि तिनं आम्हाला बोलावलं. मोठ्या कौतुकानं, घसघशीत तिकीट काढून, तिनं आम्हाला एका संग्रहालयात नेलं. खनिजांच्या दालनात मंद उजेड, मखमल, जाड काच, आणि आत निळा खडा. खाली पाटी : वाघोली, पूना, इंडिया. ही काचेला नाक लावून उभी राहिली. पहारेकरी येऊन नम्रपणे म्हणाला, काचेपासून लांब उभ्या राहा. ही म्हणाली, “दादा, हा आमच्याकडचा आहे.” आणि एवढ्यावर न थांबता मला म्हणाली, “बघा, गावाचं नाव आहे, पण तालुका घातलेला नाही.”

तालुका ही हिच्या धर्मातली मोठी गोष्ट. प्रत्येक खड्याला चिठ्ठी. खनिजाचं नाव, मौजे अमुक, तालुका तमुक, जिल्हा, दिनांक, शेरा. “पत्ता नसलेला दगड काय कामाचा?” असं ही म्हणायची. एवढी काटेकोर नोंद मी बँकेत सोनेतारणाची केली नव्हती. चिठ्ठी नसलेला खडा हिनं घरात घेतला नाही. आणि चिठ्ठी असलेला बाहेर जाऊ दिला नाही.

आता महिन्याच्या आत ते सगळं बाहेर काढायचं होतं. मी ओळखीच्यांना फोन लावले. एकानं विचारलं, तुळशी वृंदावनाभोवती लावायला बरे पडतील का? स्फटिकांनी मनःशांती देणाऱ्या एक बाई आल्या, डोळे मिटून एका पेटीवर हात धरून बसल्या, आणि इथं फार जुनी ऊर्जा आहे म्हणाल्या. ती बोअरच्या भुग्याची पेटी होती. बिल्डरच्या माणसानं सांगितलं, राहू द्या, राडारोड्यात जाईल, वेगळे पैसे घेणार नाही. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागानं होकार दिला. तिथल्या मुलामुलींनी येऊन एकेक पेटी उघडली, चिठ्ठ्या वाचल्या आणि एकमेकांकडे बघितलं. टेम्पो भरून गेला तेव्हा इमारत दोन इंच वर आली, असं वॉचमन अजून सांगतो.

मी भाड्याच्या घरात गेलो. काही दिवसांनी यादी करणाऱ्या मुलीचा फोन आला.

“काका, सगळं जुळतंय, एकच नमुना अडलाय. औषधाच्या छोट्या बाटलीत आहे. खनिज व्हेवेलाइट.”

“म्हणजे काय?”

“कॅल्शियम ऑक्झलेट. आपल्या बेसॉल्टमध्ये हे कसं आलं, म्हणून विचारते. शेऱ्यात लिहिलंय : रंग तपकिरी, पृष्ठभाग खडबडीत, मिळवताना त्रास फार.” पुढे तिनं दिनांक वाचला.

तो महिना मी विसरणं शक्य नव्हतं. मुतखड्यानं मी गडाबडा लोळत होतो. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला आणि प्रत्येक वेळी गाळण्यातून बघायला सांगितलं होतं. गाळण्याचं खातं हिनं आपणहून स्वतःकडे घेतलं होतं. माझ्या दुखण्यात बायको किती गुंतली आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

“आणि स्थळाचा घोळ आहे, काका. तिथं नुसतं ‘हे’ असं लिहिलंय. हे गाव कुठं आलं?”

“कोथरूड,” मी म्हटलं. “लिहून घ्या. मौजे कोथरूड, तालुका हवेली, जिल्हा पुणे.”

“अरे वा! तिथं खाण आहे का अजून?”

“आहे. पण डॉक्टरांनी बंद ठेवायला सांगितली आहे.”